रद्द झालेला पुरस्कार कुणाचा?



पुरस्काराचा विषय निघाला की आपल्यातला कुणीतरी उठून म्हणतो, "गेला खड्ड्यात पुरस्कार! आपण काय पुरस्कारासाठी लिहितो?" टाळ्या पडतात. मीही आजवर वाजवल्यात. आज मात्र टाळ्या बाजूला ठेवून लिहायला बसलोय. कारण सरळ आहे. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र सरकारनं एका मराठी अनुवादाला दिलेला पुरस्कार सहा दिवसांत काढून घेतला. तेव्हा इथं कसाऱ्याला, माझ्या घरात, माझ्या कवितांच्या पुस्तकाच्या प्रती त्याच सरकारी पुरस्काराला पाठवायला म्हणून बांधून ठेवलेल्या होत्या. तोंडात नकार आणि हातात प्रवेशिका. तेव्हा जे बोलायचं ते स्वतःला धरून बोललं पायजे.

आधी घडलं काय ते सांगतो. ६ डिसेंबर २०२२. आमच्या बौद्धवाड्यातली माणसं पहाटेच्या लोकलनं दादरला, चैत्यभूमीवर. त्याच दिवशी राज्याच्या मराठी भाषा विभागानं २०२१ सालचे यशवंतराव चव्हाण वाङ्मय पुरस्कार जाहीर केले. अनुवादाचा, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नावाचा एक लाख रुपयांचा पुरस्कार अनघा लेले यांना मिळाला. पुस्तक कोणतं? कोबाड गांधींच्या तुरुंगातल्या आठवणींचा, 'फ्रॅक्चर्ड फ्रीडम'चा मराठी अनुवाद. लोकवाङ्मय गृहानं काढलेला. १२ डिसेंबरला शासन निर्णय निघाला. परीक्षण समिती रद्द. पुरस्कार रद्द. कारण काय, तर 'प्रशासकीय'. मराठी भाषा मंत्री दीपक केसरकर नंतर जे बोलले त्यात प्रशासन कुठं नव्हतं. नक्षलवादाच्या उदात्तीकरणाला सरकार मान्यता देणार नाही, असा त्यांच्या बोलण्याचा अर्थ होता.

पुस्तक वाचलेल्या माणसाला हे कारण पटत नाही. कोबाड गांधी २००९ मध्ये पकडले गेले आणि दहा वर्षं तिहारसकट देशातल्या वेगवेगळ्या तुरुंगांत राहून २०१९ मध्ये बाहेर आले. दिल्लीच्या कोर्टानं २०१६ साली त्यांना यूएपीएच्या आरोपातून मोकळं केलं. खोटी ओळख आणि बनावट कागदपत्रं यासाठी दोषी धरलं. बाहेर आल्यावर त्यांनी हे पुस्तक लिहिलं. त्यात चळवळीची झाडाझडती आहे. समाजवाद का कोसळला, कार्यकर्त्यांच्या स्वभावात काय सडलं, स्वातंत्र्य आणि आनंद ही मूल्यं चळवळीतून कुठं हरवली, हे प्रश्न आहेत. परिणाम काय झाला? २०२१च्या अखेरीस माओवादी पक्षानं त्यांना काढून टाकल्याचं जाहीर केलं. त्यांनी मार्क्सवाद सोडला, असा आरोप ठेवला, आणि पुरावा म्हणून हेच पुस्तक पुढं केलं.

म्हणजे बघा. या पुस्तकापायी माओवाद्यांनी माणूस हाकलला, आणि एका वर्षानं त्याच पुस्तकापायी सरकारनं अनुवादिकेचा पुरस्कार काढून घेतला, का तर म्हणे पुस्तक माओवाद्यांचं कौतुक करतं. दोघांपैकी एकानं तरी पुस्तक वाचलं नसणार. कुणी वाचलं नसेल ते तुम्हीच ठरवा.

आता माझा मुद्दा. इंग्रजी पुस्तक २०२१ पासून उघड विकलं जात होतं. त्यावर बंदी नव्हती. मराठी पुस्तकावरही बंदी घातली नाही. पुरस्कार कोबाड गांधींच्या राजकारणाला नव्हता, अनघा लेले यांच्या मराठीला होता. मग खुपलं काय? हे पुस्तक मराठीत आलं आणि चांगल्या मराठीत आलं, असं सरकारनंच नेमलेल्या परीक्षकांनी म्हटलं, हे खुपलं. इंग्रजीत ते कुलाब्याच्या दुकानात पडून राहिलं असतं तर मंत्रालयातलं पान हललं नसतं. मराठीत आलं की ते शहापूरच्या वाचनालयात येतं, मुरबाडच्या कॉलेजात जातं, कसारा लोकलच्या डब्यात उघडलं जातं. भीती त्या वाचकाची आहे. म्हणजे तुमची-माझी.

अनुवादक काय करतो हे कसाऱ्याच्या माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही. आमच्या स्टेशनात रोज बघतो आपण. घाट चढायचा, चढ सदतीसला एक. पुढच्या इंजिनाच्यानं एकट्यानं गाडी निघत नाही. मागं बँकर लावतात. बँकर ढकलत ढकलत गाडी इगतपुरीला पोचवतं, तिथं सुटतं आणि परत खाली येतं. गाडीला नाव पुढच्या गावाचं. अनुवादकाचं असंच असतं. वर्षं घालवायची, पैसे जेमतेम, कव्हरावर नाव बारीक. त्याला सरकारचा एक लाखाचा पुरस्कार म्हणजे चैन नव्हे. ती त्याची मजुरी असते, तीही उशिरा आलेली.

आणि आपण अनुवादाचे देणेकरी आहोत, हे विसरू नका. १९७२ साली दलित पँथर उभी राहिली तेव्हा अमेरिकेतल्या काळ्या माणसांची बातमी आपल्यापर्यंत कुणीतरी मराठीत आणलीच होती ना? आपलंही बाहेर गेलं ते अनुवादातूनच. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ सालचं. जेरी पिंटोंचा इंग्रजी अनुवाद यायला २०१५ उजाडलं. मागं इंजिन लागेपर्यंत आपलं पुस्तक घाटाखाली इतकी वर्षं उभं राहतं.

दया पवारांचं नाव निघालं म्हणून सांगतो. २०२२ मध्ये पुरस्कार रद्द झाल्यावर राजीनामे देणाऱ्यांत त्यांची लेक प्रज्ञा दया पवार होती. नीरजा होत्या, हेरंब कुलकर्णी होते. भाषा सल्लागार समितीचे अध्यक्ष लक्ष्मीकांत देशमुख यांनीही पद सोडलं. शरद बाविस्कर आणि आनंद करंदीकर यांनी स्वतःला जाहीर झालेले पुरस्कार नाकारले. ही माणसं मोजकी होती. कव्हरावर 'शासन पुरस्कारप्राप्त' छापणारी आपली किती माणसं त्या आठवड्यात गप्प होती, ती यादी मी इथं देत नाही. ज्याचं त्यानं आठवावं.

हे एका पक्षाचं पाप आहे असं समजून कुणी खूश होऊ नये. १९८१ साली अंतुल्यांचं काँग्रेस सरकार होतं. विनय हर्डीकरांच्या 'जनांचा प्रवाहो चालिला' या आणीबाणीवरच्या पुस्तकाला दिलेला पुरस्कार त्या सरकारनं असाच मागं घेतला. एकेचाळीस वर्षांत सरकारं बदलली, झेंडे बदलले, सवय तीच राहिली.

पुरस्कार मरतात ते आणखी एका तऱ्हेनं. नामदेव ढसाळांना १९७४ साली सोव्हिएत लँड नेहरू पुरस्कार मिळाला. सोव्हिएत देशच उरला नाही, तसा तो पुरस्कारही गेला. आफ्रो-आशियाई लेखक संघाचं लोटस पारितोषिक १९६९ पासून दिलं जाई. पॅलेस्टाईनचा महमूद दरवेश, केनियाचा न्गुगी, नायजेरियाचा अचेबे अशी माणसं त्याच्या यादीत आहेत. १९८८ नंतर तेही कित्येक वर्षं बंद पडलं. देणारा हात गेला की देणगी जाते, यात अन्याय नाही, दुःख आहे. पण महाराष्ट्र सरकार मेलेलं नव्हतं. तिजोरी होती, समिती होती, निकाल लागला होता. लागलेला निकाल फिरवणं ही गोष्ट वेगळी. ते बंद पडणं नव्हे, ते हिसकावणं आहे.

आता पुस्तकाशी माझं भांडण. कोबाड गांधी श्रीमंत पारशी घरातले, डून स्कूलमध्ये शिकलेले, लंडनला जाऊन आलेले. त्यांची बायको अनुराधा नागपुरात इंदोऱ्याच्या दलित वस्तीत राहिली, जातीवर तिनं लिहिलं, २००८ साली मलेरियानं गेली. तिच्याबद्दल ते लिहितात तेव्हा ते जीवापासून लिहितात. पण साधेपणा, निर्मळपणा, सहजपणा यांत त्यांना जे उत्तर दिसतं ते मला पुरत नाही. साधेपणा सापडायला आधी सोडायला काहीतरी लागतं. आमच्या बापांकडं सोडायला काय होतं? माणूस मनानं निर्मळ झाला म्हणून पाणवठा मोकळा होत नाही. महाडला १९२७ साली बाबासाहेबांना चवदार तळ्यावर जावं लागलं, नंतर कोर्टात दहा वर्षं लढावं लागलं. हे भांडण मला कोबाड गांधींशी करायचंय, आणि करता येतंय, ते अनघा लेले यांनी त्यांना माझ्या भाषेत आणून बसवलं म्हणून. पुरस्कार यालाच होता. हाच रद्द झाला.

मग मी माझ्या प्रतींचं काय केलं? पाठवल्या नाहीत. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "बरं, मग त्यांचं काय बिघडलं?" मला उत्तर देता आलं नाही. खरंच कुणाचं काही बिघडलं नाही. कसाऱ्यातल्या एका माणसानं पाकीट पाठवलं नाही, हे मंत्रालयात कुणाला कळणार? "आणि पैसे आले असते तर पोरीची फी गेली असती," हेही ती म्हणाली. तेही खरंच.

म्हणून आता मी 'पुरस्कार गेला खड्ड्यात' म्हणत नाही. तो पैसा मंत्र्याच्या घरचा नाही. भातसा, तानसा आमच्या तालुक्यात, पाणी मुंबईला, आणि उन्हाळ्यात आमच्याच पाड्यांवर टँकर. हक्काचं पाणी नको म्हणून मोठेपणा मिळवणारा माणूस मी तरी बघितला नाही. पुरस्काराचंही तसंच आहे. तो नको म्हणायचा नाही, तो आपला आहे असं म्हणायचं. परीक्षकांचा निकाल शेवटचा, तो फिरवायचा अधिकार कुठल्याही मंत्र्याला नाही, हे नियमात लिहून घ्यायचं. फिरवलाच तर कारण लेखी द्यायला लावायचं, आणि लेखक-अनुवादकाचं म्हणणं आधी ऐकायला लावायचं. हे एकट्याच्या पाकिटानं होणार नाही. पुढच्या वेळी कुणाचा पुरस्कार काढला तर आपण सगळ्यांनी त्याच आठवड्यात बोललं पायजे. तो माणूस आपल्या जातीचा, आपल्या गटाचा नसला तरी.

तोवर एक करा. ते पुस्तक मिळवा, वाचा, आणि माझ्यासारखं त्याच्याशी भांडा. मराठीत.

जयभीम.