प्रौढ वयातील इंद्रजाल : तीन ग्रंथांच्या निमित्ताने

चाळिशी उलटलेल्या गृहस्थाने एखादा नवा छंद धरावयाचे म्हटले म्हणजे इष्टमित्र बागकाम सुचवितात, फार तर ब्रिज. जादूचे खेळ शिकू लागलेल्या गृहस्थाकडे मात्र घरची मंडळीही किंचित काळजीने पाहू लागतात. जादू ही मुलांची करमणूक, किंवा पोटासाठी रस्त्यावर बसणाऱ्या गारुड्याची विद्या; पंधरा-वीस वर्षे सरकारी नोकरीत काढलेल्या माणसाने रुमालातून अंडे काढून दाखवावे हे त्याच्या पदाला शोभत नाही, असा एक समज आहे. हा समज मला सर्वस्वी टाकाऊ वाटत नाही. वयापेक्षा पदच या छंदाच्या अधिक आड येते, ही गोष्ट त्यात नकळत मान्य झालेली आहे. जादूवरील तीन प्रसिद्ध ग्रंथ एका दृष्टीने वाचून पाहिले म्हणजे ही अडचण किती खोल आहे ते ध्यानात येते. तिन्ही ग्रंथांचे लेखक, योगायोगाने, आयुष्यात दुसरेच काहीतरी करून मग या विद्येविषयी लिहू लागलेले आहेत.

पहिला ग्रंथ म्हणजे फ्रेंच जादूगार रोबेर-ऊदँ याचे १८५८ साली प्रसिद्ध झालेले आत्मचरित्र. हा मूळचा घड्याळजी. ब्ल्वा या गावी १८०५ च्या डिसेंबरात त्याचा जन्म झाला, आणि पॅरिसच्या पॅले-रॉयालमध्ये त्याने आपले छोटेसे नाट्यगृह उघडले ते १८४५ च्या जुलैच्या ३ तारखेला. म्हणजे वयाची चाळीस वर्षे पुरी व्हावयास पाचच महिने उरले होते. तरुणपणी घड्याळाच्या यंत्रविद्येवरील ग्रंथ आणावयास गेलो असता पुस्तकविक्रेत्याने चुकून जादूचे पुस्तक हाती ठेवले आणि आयुष्याला वळण लागले, अशी हकीकत तो सांगतो. हकीकत सुरेख आहे. त्याच पुस्तकात तोरीनी नावाच्या एका फिरत्या जादूगाराचे जे लांबलचक करुण आख्यान येते, ते बहुतांशी कल्पित असावे असे पुढच्या अभ्यासकांचे मत पडले. जादूगाराने आत्मचरित्रातही जादू केली तर तक्रार कोणाकडे करावयाची? ज्या हुडिनीने याच्या नावावरून आपले नाव घेतले, त्यानेच १९०८ साली याच्यावर एक कडवट पुस्तक लिहिले. गुरूचा सूड घेण्याची ही तऱ्हाही निराळीच.

परंतु रोबेर-ऊदँचे खरे महत्त्व त्याने सांगितलेल्या हकीकतींत नाही. लांब झगा आणि निमुळती टोपी टाकून तो प्रेक्षकांसारखाच सायंकाळचा साधा पोशाख करून रंगमंचावर उभा राहिला. पुढे १८६८ साली लिहिलेल्या शास्त्रीय ग्रंथात त्याने असा सिद्धांत मांडला की, जादूगार हा मायावी पुरुषाची भूमिका करणारा नट होय. प्रौढ वयात शिकू पाहणाऱ्याला याहून मोठे आश्वासन दुसरे नाही. बोटे चाळिशीनंतर ताठरतात, नाणे तळव्यात दडविण्याची जी सफाई मुलाला महिन्यात साधते तिला आपल्याला वर्ष लागते, हे खरेच. पण भूमिका वयाबरोबर पिकते. १८४७ साली, इथरच्या गुंगीची वार्ता सर्वांच्या तोंडी असताना, त्याने आपल्या लहान मुलाला इथर हुंगवून एका काठीच्या आधाराने हवेत आडवे निजविल्याचा खेळ केला. युक्ती कपड्यांखाली दडविलेल्या धातूच्या आधारात होती. प्रेक्षकांचे मन मात्र त्या नव्या औषधात गुंतले होते. हे गुंतविणे हातांनी होत नाही, ते बोलण्याने आणि मुद्रेने होते.

असा हा मर्मज्ञ कलावंत १८५६ साली अल्जीरियात गेला, आणि तेथील प्रकरणे वाचताना माझे मन त्याच्यावरून उतरले. फ्रेंच सरकारने त्याला मुद्दाम पाठविले होते. तेथील मराबूत, म्हणजे फकीर-साधू, चमत्कारांच्या बळावर लोकांना फ्रेंचांविरुद्ध उठवितात; त्यांच्याहून मोठे चमत्कार आपल्याजवळ आहेत असे दाखवावयाचे, ही कामगिरी. त्याच्याजवळ एक पेटी होती. रंगमंचाखालच्या विद्युच्चुंबकाच्या योगाने ती क्षणात हलकी, क्षणात न उचलणारी होई. पॅरिसमध्ये हा एक गमतीचा खेळ होता. अल्जियर्समध्ये त्याने एका बलदंड अरबाला पुढे बोलाविले, तुझी शक्ती मी हिरावून घेतो असे बजावले, आणि तो पेटीशी झटू लागल्यावर मुठीतून विजेचा धक्का दिला. तो माणूस सर्वांदेखत कोलमडला आणि लाजेने तोंड लपवून पळाला, हे रोबेर-ऊदँ अभिमानाने वर्णितो.

येथे आपल्या साहित्यशास्त्राची कसोटी लावून पाहण्यासारखी आहे. भरताने अद्भुत रसाचा स्थायी भाव विस्मय मानला आणि त्याच्या विभावांत माया आणि इंद्रजाल यांचा उल्लेख केला. श्रीहर्षाच्या ‘रत्नावली’त ऐन्द्रजालिक राजसभेत येतो, आकाशात देव दाखवितो, आणि त्याच्या मायेने अंतःपुराला आग लागल्याचा भास होतो, पण त्या भासातून शेवटी नायिकेची ओळख पटते, मने जुळतात. अल्जियर्सच्या खेळात विस्मय उरलाच नाही, उरले ते भय. यंत्र तेच, हात तेच, फक्त प्रेक्षक पराधीन होता. तेवढ्याने अद्भुताचा भयानक झाला. एवढ्या मोठ्या जादूगाराला हा रसभंग जाणवला नाही, कारण आता तो मायावी पुरुषाची भूमिका करीत नव्हता, सरकारची करीत होता.

हा दोष दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या फ्रेंचांवर टाकून आपल्याला मोकळे होता येईल काय? परप्रांती बदलीवर असलेला एखादा अधिकारी हौसेने पत्त्यांचे चार खेळ बसवितो, आणि बंगल्यावर चहाला बोलाविलेल्या हाताखालच्या मंडळींपुढे करून दाखवितो. तळव्यातले नाणे तिसऱ्या खुर्चीवरच्या कारकुनाला स्वच्छ दिसलेले असते. तो बोलत नाही. सर्वजण टाळ्या वाजवितात, साहेबही संतुष्ट होतात. अशा टाळीवर जगणाऱ्याचे हस्तलाघव दहा वर्षांनीही सुधारणार नाही, कारण आपण कोठे पकडले गेलो हे त्याला कधीच कळत नाही. वास्तविक बदलीची नोकरी या छंदाला फार अनुकूल आहे. दर तीन वर्षांनी प्रेक्षक नवा मिळतो, तेव्हा सहा खेळांवर सबंध नोकरी निभावून नेता येते! शिवाय परभाषेत बोलून खेळ करावयाचा म्हणजे मोठीच परीक्षा. कलकत्त्यास मोडक्या बंगालीत बोलणाऱ्या मराठी माणसाला शेजारची पोरे खुशाल हसतात, आणि त्याचे नाणेही पकडतात. पी. सी. सरकारांच्या (१९१३–१९७१) प्रांतातल्या मुलांना फसविणे तसे सोपे नाहीच. पण अशीच पोरे खरी गुरू म्हणावयाची.

दुसरा ग्रंथ १८७६ सालचा ‘मॉडर्न मॅजिक’. लेखकाचे नाव ‘प्रोफेसर हॉफमन’ असे छापलेले असले तरी हे गृहस्थ कोठेही प्रोफेसर नव्हते. अँजेलो जॉन लुईस हे लंडनचे बॅरिस्टर, आणि त्यांनी वकिलीची अब्रू टोपणनावाआड सुरक्षित ठेवली. पुस्तक पाचशे पानांहून मोठे आहे, आणि स्वयंशिक्षणाला त्याच्या तोडीचे पुस्तक त्यापूर्वी इंग्रजीत नव्हते. पुढे काय करणार हे प्रेक्षकांना आधी सांगू नये, एकच खेळ एकाच बैठकीत दोनदा करू नये, असे मूलभूत नियम त्यात घालून दिलेले आढळतात. लेखनाची धाटणी कायदेपंडिताची. डावा हात कोठे, उजवा कोठे, अंगठा कोणत्या क्षणी सैल करावा, याची कलमे जणू एकापुढे एक मांडली आहेत. ज्यांची हयात मसुदे तपासण्यात गेली त्यांना हे पुस्तक हमखास आवडेल, आणि तेथेच ते फसतील. कारण या पाचशे पानांत प्रेक्षक जिवंत असा कोठेच भेटत नाही. तो गृहीत धरलेला आहे, एखाद्या अर्जातील अर्जदारासारखा. हॉफमनने दिलेली बैठकीची भाषणे आज इंग्रजांनाही बोलवत नसतील. आपल्याकडील हौशी मंडळी ती पाठ करून मराठी घरात म्हणतात तेव्हा ऐकणाऱ्यालाच संकोच होतो. पुण्याच्या जादूगार रघुवीरांनी मराठी प्रेक्षकांपुढे आयुष्यभर खेळ केले. मराठीत जादूगाराने कसे बोलावे याचा धडा तेथे घ्यावयास हवा होता.

तिसरा ग्रंथ आपल्याच देशाविषयी आहे. हवाई विद्यापीठातील संस्कृतज्ञ प्राध्यापक ली सीगल यांचा ‘नेट ऑफ मॅजिक’ १९९१ साली निघाला. दिल्लीत शादीपूर डेपोजवळ जादूगार, कठपुतळीवाले, डोंबारी यांची जी वस्ती होती, तेथील मुसलमान जादूगारांच्या संगतीत हा विद्वान रमला. ग्रंथात प्रवासवर्णन, इतिहास आणि कल्पित कथा एकमेकांत मिसळल्या आहेत. कोठे हकीकत संपते आणि कोठे कथा सुरू होते हे लेखक सांगत नाही, आणि काही ठिकाणी स्वतःच्या चातुर्यावर तो जरा जास्तच खूष होतो. तथापि या ग्रंथात जे आहे ते आधीच्या दोहोंत नाही. येथे पंडित शिकाऊ आहे आणि रस्त्यावरचा माणूस गुरू. वाट्या आणि गोळ्यांचा खेळ हे लोक उघड्या जमिनीवर बसून करतात, चहूबाजूंनी गर्दी, मागे पडदा नाही, पुढे मेज नाही. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात मायावी पुरुषाचा दृष्टान्त दिला आहे : ढाल-तलवार घेऊन सुताने आकाशात चढताना दिसतो तो वेगळा, आणि खरा मायावी जमिनीवरच उभा असतो. वेदान्त बाजूला ठेवला तरी कलेच्या दृष्टीने हे वर्णन अचूक आहे.

या ग्रंथाच्या पार्श्वभूमीला एक गोष्ट आहे, जी अधिकारी वाचकांनी विसरू नये. १९५९ च्या मुंबईच्या भीक-प्रतिबंधक कायद्यात भिकेची जी व्याख्या आहे, तिच्यात गाणे, नाचणे, भविष्य सांगणे यांबरोबर खेळ करून दाखविण्याच्या निमित्ताने पैसे मागणेही बसविलेले आहे. हा कायदा पुढे दिल्लीलाही लावण्यात आला. तेथील उच्च न्यायालयाने २०१८ साली त्यातील बरीचशी कलमे रद्द ठरविली. तत्पूर्वी वर्षभर, २०१७ साली, शादीपूरची वस्तीही पाडली गेली होती. म्हणजे जो खेळ बंगल्यात छंद, तोच कित्येक वर्षे फुटपाथवर गुन्हा होता. हॉफमनचे पुस्तक उघडून वाट्या-गोळ्या मांडणाऱ्या गृहस्थाला हे ठाऊक असले तर त्याचा हात अधिक सफाईने चालेल असे मी म्हणत नाही. मात्र आपण काय उसने घेतले आहे आणि कोणाकडून, हे त्याच्या मुद्रेवर कोठेतरी उमटेल, आणि जादूत मुद्रेला किती मोल आहे हे वर आलेच आहे.

ज्यांना हे तिन्ही ग्रंथ वाचावयाचे असतील त्यांनी आरंभ हॉफमनच्या नाण्यांच्या प्रकरणापासून करावा, एखादा खेळ बसेपर्यंत पुढे जाऊ नये. मग सीगल. रोबेर-ऊदँ सर्वांत शेवटी, आणि त्यातील अल्जीरियाची प्रकरणे, शक्य झाल्यास, हाताखालच्या मंडळींना पहिल्यांदा चहाला बोलाविण्याच्या आदल्या रात्री.