‘नंतर’ म्हणजे नेमके केव्हा?

एका स्टीलच्या भांड्यात गरम पाणी होते. त्यात पाऱ्याचा साधा तापमापक आणि संगणकाला जोडलेला एक तापसंवेदक असे दोन्ही बुडवले होते. पाणी आणि खोली यांच्या तापमानातला फरक निम्मा व्हायला किती वेळ लागतो, एवढेच शोधायचे होते. मनगटी घड्याळ घेऊन बसलेल्या अकरावीतल्या मुलीचे उत्तर आले २८ मिनिटे. संगणकाने सांगितले २५ मिनिटे. पाणी एकच, मग वेळा दोन कशा? तिथे हजर असलेल्या आम्ही सगळ्यांनीच संगणकाच्या बाजूने कौल दिला. ‘घड्याळ पाहताना चूक झाली असावी’ असे त्या मुलीने वहीत लिहिले आणि विषय संपला.

चूक आमच्या प्रोग्रॅममध्ये होती. हे लक्षात यायला आम्हाला दीड वर्ष लागले. एकदा जुन्या फायली चाळताना दिसले की, पहिल्या ओळीत लिहिलेली सुरुवातीची वेळ आणि फाइलीत शेवटचा बदल झाल्याची वेळ यांत २८ मिनिटांचे अंतर आहे. सेकंदाला एक याप्रमाणे घेतलेल्या नोंदी मात्र १५००, म्हणजे २५ मिनिटांच्याच. तीन मिनिटे कुठे गेली?

तो प्रोग्रॅम ‘टिकल’ या भाषेत लिहिलेला होता. ‘टूल कमांड लँग्वेज’ या शब्दांवरून हे नाव आले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत जॉन ऑस्टरहाउट यांनी १९८८ मध्ये ही भाषा रचायला घेतली. पडद्यावरच्या खिडक्या व बटणे पुरवणारा ‘टीके’ हा संच तिच्या जोडीला पुढे आला आणि १९९७ मध्ये या कामासाठी त्यांना एसीएम या संस्थेचा सॉफ्टवेअर पुरस्कार मिळाला. भाषा लहान, शिकायला सोपी आणि आम्हाला अजूनही आवडते. आमची तक्रार तिच्यातल्या एकाच शब्दाविषयी आहे. तो शब्द म्हणजे ‘आफ्टर’.

अशा भाषेतला प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सरळ धावत नाही. तो वाट पाहत बसतो. बटण दाबले गेले, बाहेरून माहिती आली, ठरलेला वेळ उलटला, अशी एखादी घटना घडली की तिच्यासाठी नेमून दिलेले काम करतो आणि पुन्हा वाट पाहू लागतो. या फेऱ्याला आपण घटनाचक्र म्हणू. ‘आफ्टर १०००’ असे लिहून पुढे एखादे काम दिले, की १००० मिलिसेकंदांनी, म्हणजे एका सेकंदाने करायचे काम म्हणून ते चक्राच्या वहीत टिपले जाते.

आता शाळेतले शिपाईमामा डोळ्यांपुढे आणा. शाळेत ते एकटेच आहेत. मुख्याध्यापक त्यांना सांगतात, ‘३५ मिनिटांनी घंटा द्या.’ मामा विसरत नाहीत, पण हातातले काम अर्धवटही टाकत नाहीत. त्या क्षणी ते पाण्याची टाकी भरत असतील, तर टाकी भरल्यावरच घंटा होईल. म्हणजे ३५ मिनिटांच्या आत घंटा होणार नाही, एवढीच या सांगण्याची हमी. आफ्टरची हमीही तेवढीच आहे. टिकलच्या अधिकृत माहितीपुस्तिकेत मात्र हे काम दिलेल्या वेळी, एकदाच केले जाईल अशा अर्थाचे विधान आहे. त्यातले ‘एकदाच’ खरे आहे, ‘दिलेल्या वेळी’ हे केवळ मामा रिकामे असतील तर खरे. घटनाचक्र सुरूच नसेल तर काम मुळीच होणार नाही, ही सूचना त्याच पानावर आहे हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण चक्र सुरू असून गुंतलेले असेल तर काय, याविषयी वाचणाऱ्याने आपणच तर्क करायचा.

एका घंटेला दोन मिनिटे उशीर झाला तर फारसे बिघडत नाही. बिघडते ते पुढची घंटा मागच्या घंटेपासून मोजली की. मामांनी प्रत्येक वेळी घंटा दिल्यावर ‘आता पुढची ३५ मिनिटांनी’ असे धरले, तर आठ तासांच्या शाळेत शेवटची घंटा १६ मिनिटे उशिरा होईल. भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे पाहून दिली, तर शेवटचीही फार तर दोनच मिनिटे उशिरा. आमच्या प्रोग्रॅममध्ये पहिला प्रकार होता. तापमान वाचणे, आलेखावर बिंदू काढणे, फाइलीत ओळ लिहिणे आणि त्यानंतर ‘आफ्टर १०००’. या तीन कामांना १२० मिलिसेकंद लागत. त्यामुळे आमचा ‘सेकंद’ १.१२ सेकंदांचा होता. १५०० नोंदींना प्रत्येकी ०.१२ सेकंद जोडून पाहा, १८० सेकंद होतात. तीच ती तीन मिनिटे! नोंदींच्या संख्येलाच आम्ही वेळ समजत होतो, म्हणून पाणी खरोखरीपेक्षा लवकर निवताना दिसले.

हा दोष प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचा, भाषेचा नव्हे, असे कोणी म्हणेल. बव्हंशी ते मान्य आहे. पण पुढचा दोष भाषेचाच आहे. ‘आफ्टर ५०००’ एवढेच लिहिले आणि पुढे काही काम दिले नाही, तर अर्थ पार उलटा होतो. प्रोग्रॅम पाच सेकंद झोपतो. बटण दाबा, कळ दाबा, तो जागा होईपर्यंत काहीही होत नाही. काम दिले तर आज्ञा लगेच मोकळी होते आणि बाकीचे व्यवहार चालू राहतात. ‘पाच मिनिटे थांब’ आणि ‘पाच मिनिटांनी ये’ यांसाठी मराठीत आपण एकच क्रियापद वापरत नाही. जावास्क्रिप्टमध्ये याच कामासाठी असलेली ‘सेटटाइमआउट’ ही सोय केवळ दुसऱ्या अर्थाची आहे. टिकलमध्ये दोन्ही अर्थ एकाच शब्दावर लादले गेले आणि २०२४ मध्ये नववी आवृत्ती आली तेव्हाही ते तसेच राहिले. वर्गात हा फरक दाखवायला एक बटण पुरते. दोन्ही प्रकारे लिहून पाहा आणि त्या पाच सेकंदांत मुलांना ते बटण दाबू द्या.

काही गोष्टी मात्र फार सुरेख आहेत. प्रत्येक सोपवलेल्या कामाची पावती मिळते आणि ती दाखवून काम रद्द करता येते. शिवाय मजकूर आत्ताचा की तेव्हाचा, हेही ठरवता येते. मामांच्या हाती ‘पट ४२’ अशी चिठ्ठी देणे वेगळे आणि ‘त्या वेळी मोजून सांगा’ म्हणणे वेगळे. टिकलमध्ये काम दुहेरी अवतरणचिन्हांत लिहिले तर त्यातल्या चलांच्या किमती सोपवतानाच भरल्या जातात. महिरपी कंसात लिहिले तर काम करतेवेळी. निवड हाती आहे हे उत्तमच, पण ती विरामचिन्हांत लपलेली आहे. त्यातच सोपवलेले काम नेहमी सार्वत्रिक चलांच्या पातळीवर चालते. एखाद्या कार्यपद्धतीच्या आतले स्थानिक चल महिरपी कंसात लिहिले, तर काम करायच्या वेळी ते अस्तित्वातच नसते. चूक कळते ती नंतर, लिहिणारा दुसऱ्याच ओळीत गुंतलेला असताना.

पायथन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनाही हे सोडत नाही. तिथल्या ‘टीकिंटर’ या संचाच्या मुळाशी टिकल-टीकेच आहेत, त्यामुळे आफ्टर तिथेही आहे आणि त्याचे दोन्ही अर्थही. तिथे कार्याच्या नावापुढे चुकून कंस टाकले की काम सोपवले जाण्याऐवजी तत्काळ होऊन बसते.

आम्ही प्रोग्रॅम दुरुस्त केला. आता आरंभीची वेळ एकदाच टिपतो, शंभरावी नोंद आरंभापासून शंभराव्या सेकंदाला हवी असे धरून उरलेले मिलिसेकंद काढतो आणि तेवढेच आफ्टरला देतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक तापमानाशेजारी घड्याळातली खरी वेळ लिहितो. म्हणजे एखादी नोंद उशिरा झालीच, तर तिचा उशीर फाइलीतच दिसतो.

त्या मुलीच्या महाविद्यालयाला पत्र लिहून तिचे २८ हेच उत्तर बरोबर होते, असे आम्ही कळवले. पत्र पोचले तेव्हा ती बारावी संपवून तिथून गेली होती.