खोडलेला शब्द कोणाचा?

मुस्लिम मराठी साहित्याची समीक्षा बहुधा छापील पुस्तकापासून सुरू होते आणि तिथेच संपते. लेखकाचा खर्डा, त्यातील खाडाखोड, संपादकाशी झालेला पत्रव्यवहार यांची आठवण समीक्षकाला क्वचितच होते. माझ्या मते ही आपल्या समीक्षेतली मोठी उणीव आहे.

प्रथम जुन्या परंपरेकडे पाहू. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा 'योगसंग्राम' १६४५चा. वा. सी. बेंद्रे यांनी तो १९५९मध्ये संपादून प्रसिद्ध केला. रा. चिं. ढेरे यांचे 'मुसलमान मराठी संतकवी' १९६७मध्ये आले. अशी कामे होऊ शकतात, कारण मठांतून आणि घरांतून कुणीतरी बाडे जपलेली असतात. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ, धुळ्याचे श्रीसमर्थ वाग्देवता मंदिर यांनी अशी बाडे मेहनतीने गोळा केली. मात्र जुन्या पोथ्या बहुतांशी नकलाकारांच्या हातच्या. एखादा फारसी शब्द कवीनेच टाळला की नकल करणाऱ्याने बदलला, हे एका प्रतीवरून कळत नाही. अनेक प्रती ताडून पाहाव्या लागतात. ते न करता कवीच्या श्रद्धेविषयी काढलेले निष्कर्ष, कोणत्याही बाजूचे असोत, कच्चेच राहतात.

आधुनिक लेखकाच्या बाबतीत ही अडचण नको होती. त्याच्या हातचा कागद असतो. समजा, छापील कथेत 'मावशी' आहे आणि हस्तलिखितात 'खाला' लिहून खोडलेले आहे. ते लेखकाने खोडले की संपादकाने? लेखकाने खोडले असेल तर कोणत्या वाचकाच्या भीतीने? आमच्या भाषेवर 'दखनी छापाची' किंवा 'प्रमाण मराठीची नक्कल' असे दोन्हीकडून शेरे मारले जातात. त्यांचे खरे उत्तर त्या खोडलेल्या शब्दात असते. शाहिराच्या बाबतीत तर हे अधिकच खरे. बार्शीत १९१६मध्ये जन्मलेल्या अमर शेखांचे 'कलश' आणि 'धरतीमाता' हे संग्रह आपण वाचतो. पण मंचावरचे गाणे सभेगणिक बदलते, संग्रह त्याचे एकच रूप देतो. बाकीची रूपे वह्यांत आणि टाचणांतच सापडायची.

उर्दूने ही जाण आधी दाखवली. हैदराबादेत मोहिउद्दीन कादरी जोर यांनी १९३१मध्ये इदारा-ए-अदबियात-ए-उर्दू उभारून दखनी हस्तलिखिते जमवली. त्याआधी, १८५३मध्ये, सोलापूरपासून शंभरेक किलोमीटरवरच्या विजापुरातून आसार महालातला ग्रंथसंग्रह इंग्रजांनी लंडनला नेला. तो परका झाला, पण निदान वाचला. आपल्या मराठी लेखकाचे कागद मात्र दोन दारांच्या मध्ये अडकतात: मराठी म्हणून उर्दू संस्थांच्या कक्षेबाहेर आणि मुसलमानाचे म्हणून मराठी संग्राहकांच्या ध्यानाबाहेर. तिसरे दार उरते ते रद्दीवाल्याचे.

पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन १९९०मध्ये याच सोलापुरात भरले. त्या पिढीतले काही लेखक आज आपल्यात नाहीत. लेखकाच्या चाळिसाव्याला आपण कुराणखानी करतो, ते योग्यच आहे. त्याच दिवशी घरच्यांना एवढेच विचारावे, की मरहूमांच्या वह्या कुठे आहेत? यादी करावी, वर्ष लिहावे आणि एखाद्या वाचनालयात एक कपाट मागावे. समीक्षेची सुरुवात त्या कपाटापासून व्हायला हवी.