काढ्याचे रसग्रहण

मला सर्दी झाली की आमच्या घरी साहित्य संमेलन भरते. प्रत्येकजण आपापला उपाय वाचून दाखवतो, दुसऱ्याचा कोणी ऐकत नाही आणि अध्यक्ष मी असल्यामुळे मला शेवटपर्यंत उठता येत नाही. वीस वर्षे बँकेच्या काउंटरवर बसून खातेदारांच्या शिंका समोरून स्वीकारल्या असल्याने या विषयातला माझा व्यासंग दांडगा आहे. कवितेच्या समीक्षकाला कविता करता आली नाही तरी चालते. काढ्याच्या समीक्षकाला मात्र काढा प्यावाच लागतो. तेवढा अधिकार माझ्यापाशी आहे. शिवाय मी बी. कॉम. त्यामुळे रसग्रहण करायला बसलो तरी हातून जमाखर्चच लिहिला जातो.

प्रथम काढा. आलं, तुळस, गवती चहा, मिरी, दालचिनी, गूळ अशी पात्रांची भाऊगर्दी. सगळी मिळून चार कपांचा एक कप होईपर्यंत उकळतात. आरंभ गोड, मध्य तिखट, शेवट गाळाचा. जमेची बाजू अशी की घसा शेकतो, घाम येतो आणि बरं वाटतं. पण बरं वाटणं आणि बरं होणं यांत, मनातली शिल्लक आणि पासबुकातली शिल्लक यांच्याइतकंच अंतर आहे. सर्दी दोनशेहून अधिक विषाणूंपैकी कोणाच्याही सहीने चालते. त्यांतला ऱ्हायनोव्हायरस हा सर्वांत मोठा खातेदार. तो बहुधा सात ते दहा दिवसांनी आपण होऊन खातं बंद करतो, आणि श्रेय शेवटच्या दिवशीच्या काढ्याला मिळतं!

इंग्रजांनी 1946 साली सॉल्झबरीजवळ खास सर्दीसाठी संशोधन केंद्र काढलं. स्वयंसेवकांना तिथे ठेवून घेऊन त्यांच्या नाकात मुद्दाम विषाणू सोडले. चाळीसहून अधिक वर्षं हा उद्योग चालला. पुष्कळ कळलं, पण हमखास औषध हाती लागलं नाही. अखेर केंद्र बंद झालं. सर्दी चालू आहे. तेव्हा आमच्या स्वयंपाकघराला नापास करताना हात थोडा सैल सोडलेला बरा.

मिठाच्या गुळण्या ही छोटेखानी पण प्रामाणिक कृती. घशाची खवखव घटकाभर कमी करते, त्याहून अधिकाचा आव आणत नाही. हळदीचं दूध मुख्यतः रंगाच्या जोरावर चालतं. ऊन असतं म्हणून सुखावतं. पुदिन्याच्या फुलाचा वास घेतला की नाक उघडल्यासारखं वाटतं. हवा आधी जायची तेवढीच जाते, फक्त गार लागते. म्हणजे काउंटर तेवढेच, रांग तेवढीच, पण हॉलमध्ये पंखा लावलेला!

वाफाऱ्याबद्दल मात्र मी तटस्थपणे लिहू शकत नाही. मागच्या पावसाळ्यात डोक्यावर टॉवेल घेऊन उकळत्या पातेल्यावर वाकलो असताना शिंक आली. पातेलं कलंडलं. सर्दी सहाव्या दिवशी गेली, मांडीवरचा डाग अजून आहे. हे मुदलापेक्षा व्याज जास्त झालं. वाफेनं सर्दीचे दिवस कमी होतात असा भरवशाचा पुरावा नाही. भाजल्याचा पुरावा मी दाखवू शकतो, पण चारचौघांत नाही.

'घरचं आहे, बाधत नाही' हे आपल्याकडचं आवडतं प्रशस्तिपत्र. ते न तपासता सही करण्याची सवय मलाही होती. ती मोडली गेल्या महिन्यात. धाकटी बहीण सात महिन्यांच्या बाळाला घेऊन आली. बाळाचं नाक चोंदलेलं. डॉक्टरांनी नाकात घालायला मिठाच्या पाण्याचे थेंब दिले होते. आई मात्र सहाणेवर ज्येष्ठमध उगाळून, वर चमचाभर मध घालून तयार.

मध हा या सर्व वाङ्मयातला माझा आवडता लेखक. मोठ्या मुलांचा रात्रीचा खोकला तो खरोखरच थोडा हलका करतो. पण एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात द्यायचा नसतो. त्यात कधीकधी एका जिवाणूचे बीजाणू असतात. आपण ते पचवतो, पण बाळाच्या कोवळ्या आतड्यात ते रुजून विष तयार करतात. त्यानं स्नायू लुळे पडतात, श्वासावरही बेततं. क्वचित घडतं, पण घडतं. हे मी वाचलेलं होतं. अडचण एवढीच की मॅनेजरसमोरही मी कधी आवाज चढवलेला नाही, आणि ही तर आई होती.

"आई, मध नको," मी म्हणालो.

"का? तुला नव्हता चाटवला? काय झालं तुला?"

"बँकेत कारकून झालो," बायको आतून म्हणाली असती, पण तिनं मोठेपणा दाखवला.

"आई, मी वाचलो ही एक नोंद झाली. एका नोंदीवर ताळेबंद होत नाही. ज्यांचं चुकलं ते सांगायला इथं नाहीत."

आई बराच वेळ चमच्याकडे बघत राहिली. बहिणीनं बाळ छातीशी घट्ट धरलं. माझ्या समीक्षेचा कोणावर परिणाम होण्याची ही आयुष्यातली पहिलीच वेळ, आणि नेमकी तेव्हाच मला शिंक आली.

"तू एक वर्षाच्या वरचा आहेस ना?" आई म्हणाली, आणि चमचा माझ्या तोंडात घातला.

कृती उत्तम. गोडवा टिकून राहतो.