ताण कोठें असतो?

बीड जिल्ह्यांतील ऊसतोड कामगारांच्या जीवनावरील नवोदितांच्या कथा वाचतांना आम्हांस एक उणीव वारंवार जाणवते. दुष्काळ, मुकादमाचा जाच, फडांतील बाळंतपण, एवढी सामग्री हाताशीं असूनहि कथा मनाची पकड घेत नाहीं. कारण उघड आहे. लेखकानें घटना ऐकलेली असते. तिच्यामागचा क्षण पाहिलेला नसतो.

हा क्षण शोधावयास फार दूर जावें लागत नाहीं. टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे वा कर्नाटकाकडे निघतात त्यापूर्वीं उचल दिली जाते. नवरा-बायकोची जोडी मिळून हिशेबांत एकच ‘कोयता’ धरला जातो. अशा एखाद्या अंगणांत नवरा नोटा मोजीत असतो. बायकोची नजर मात्र म्हाताऱ्या सासूकडे जाते, कारण शाळेंतलें पोर हंगामभर तिच्यापाशीं ठेवावयाचें असतें. सासू ‘हो’ म्हणत नाहीं, ‘नाहीं’हि म्हणत नाहीं, सूप उचलून धान्य पाखडूं लागते. कोणी ओरडत नाहीं, परंतु सारें घर त्या सुपाच्या आवाजाकडे कान लावून असतें.

भास्कर चंदनशिव ह्यांची ‘लाल चिखल’ ही कथा येथें मार्गदर्शक ठरावी. बाजारांत टोमॅटो तुडविणारा शेतकरी वाचकांस आठवतो. परंतु कथेचें बळ त्याआधींच्या घासाघिशींत आहे. दर उतरत जातो, आणि हें सारें शाळकरी मुलाच्या डोळ्यांसमोर घडतें. लहान लहान अपमान आधीं सांचले म्हणूनच शेवटचा उद्रेक आपणांस खरा वाटतो.

मात्र ह्या निरीक्षणांत एक धोका आहे. दुसऱ्याच्या विवंचनेकडे केवळ कथेचा माल म्हणून पाहणारा लेखक हळूहळू निर्दय होतो. त्यावरील उपाय आपल्याच घरीं आहे. महिनाअखेर वाण्याच्या उधारीचा विषय निघतांच पानावरील मंडळींचें बोलणें कां थांबतें, आईनें दुसऱ्यांदा भात कां घेतला नाहीं, हें पहावें. आणि त्या वेळीं आपण स्वतः मान खालीं कां घातली, हेंहि प्रामाणिकपणें टिपून ठेवावें. आपली ओशाळलेली नजर ज्यानें ओळखली, त्यालाच अंगणांतील त्या सुनेची नजर लिहिण्याचा अधिकार येतो.

पुढील कथा हातीं घेण्यापूर्वीं नवोदितांनीं एवढें करून पहावें, इतकीच आमची सूचना आहे.