शिसे, कथील, कार्बन: एका गणाचे वाचन

इटालियन लेखक प्रिमो लेव्ही याचे ‘आवर्तसारणी’ हे पुस्तक १९७५ साली प्रसिद्ध झाले. त्यात २१ प्रकरणे आहेत आणि प्रत्येक प्रकरणाला एकेका मूलद्रव्याचे नाव दिले आहे. लेव्ही शिक्षणाने आणि पेशाने रसायनतज्ज्ञ. १९१९ साली तुरीनमध्ये जन्मला, आउशवित्झच्या छावणीतून जिवंत परतला आणि पुढे कित्येक वर्षे रंग-व्हार्निशच्या कारखान्यात नोकरी करत राहिला. या पुस्तकाविषयी बोलणारे बहुतेक जण त्यातल्या आत्मचरित्राकडे वळतात. मूलद्रव्ये मग नुसती शीर्षकापुरती उरतात. मला हे वाचन अपुरे वाटते. लेव्हीच्या लेखनात मूलद्रव्याचा स्वभाव कथेची चाल ठरवतो. हे पडताळून पाहायचे तर एकाच गणातली प्रकरणे शेजारी शेजारी ठेवून वाचावीत. चौदाव्या गणातली तीन मूलद्रव्ये त्याने घेतली आहेत: शिसे, कथील आणि कार्बन.

अकरावी-बारावीला हा गण शिकलेल्यांना त्याची गोम आठवत असेल. कार्बन, सिलिकॉन, जर्मेनियम, कथील, शिसे या पाचांच्याही बाहेरच्या कक्षेत चार इलेक्ट्रॉन. घराणे एक, पण वृत्ती पार निराळ्या. वर कार्बन, अस्सल अधातू. खाली उतरावे तसतसा धातूपणा वाढत जातो. कार्बन चारही इलेक्ट्रॉन बंध जोडायला वापरतो. खाली येता येता त्यातले दोन इलेक्ट्रॉन व्यवहारातून अंग काढून घेऊ लागतात. म्हणून शिसे दोनाच्या संयुजेत सुखी असते. पुस्तकातला क्रम पाहा: सातवे प्रकरण शिशाचे, सतरावे कथलाचे, एकविसावे आणि शेवटचे कार्बनचे. म्हणजे ८२, ५०, ६. पुस्तक पुढे सरकते तसा वाचक या गणाच्या तळापासून वर चढत जातो. लेव्हीने हे ठरवून केले की नाही, हा प्रश्न मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. वाचताना ती चढण जाणवते, एवढे पुरे.

शिशाची कथा पूर्ण काल्पनिक आहे. लेव्हीने ती तरुणपणी, निकेलच्या खाणीवर काम करत असताना लिहिली. रॉडमुंड नावाचा एक माणूस प्राचीन काळी उत्तरेकडून दक्षिणेकडे चालत निघतो. शिशाचा दगड ओळखणे आणि तो वितळवून धातू काढणे हा त्याच्या घराण्याचा धंदा. दगड जड लागला की तो हातात तोलतो, भट्टी लावतो, विस्तवाखालून धातू वाहू लागतो. रसायनाच्या दृष्टीने हे अगदी बरोबर आहे. शिशाचे गंधकयुक्त खनिज भाजायला सोपे आणि धातू ३२७ अंशांना वितळतो. लाकडाची आच त्याला भरपूर होते. म्हणून तर माणसाने फार लवकर हाताळलेल्या धातूंत शिसे आहे.

पण धंद्याबरोबर घराण्यात आजारही चालत आला आहे आणि रॉडमुंडला तो ठाऊक आहे. शिसे हा मरणाचा धातू आहे असे तो मानतो. त्याची कारणे: ते मरण आणते, त्याचा जडपणा म्हणजे खाली पडण्याची ओढ, त्याचा रंग मेलेला, आणि त्याचा ग्रह सर्वांत मंद चालणारा, म्हणजे आपला शनी. आजचा डॉक्टर हेच वेगळ्या शब्दांत सांगेल. शरीर शिशाला कॅल्शियम समजते, हाडांत साठवून ठेवते आणि ते तिथे वर्षानुवर्षे मुक्काम करते. रॉडमुंडला ठाऊक असणे शक्य नव्हते अशीही एक गोष्ट आहे: युरेनियम आणि थोरियम यांचे किरणोत्सर्गी वंश बदलत बदलत अखेर शिशापाशी येऊन थांबतात. तिथून पुढे काही घडत नाही. कथेची चालही तशीच आहे. वाक्ये सावकाश, जड पावलांची. भावना पृष्ठभागावर येत नाहीत. नवे कापलेले शिसे चकाकते आणि थोड्याच वेळात करड्या थराखाली झाकले जाते, तसा हा निवेदक. सार्डिनियाला पोचल्यावर, आपल्या अंगात काय मुरले आहे हे माहीत असूनही, त्याला वंश पुढे चालवायचा असतो. कथा थोडी अलंकारिक आहे, तरुण लेखकाचा हात कळतो. तरीही धातूचा स्वभाव पकडण्यात ती कुठे चुकत नाही.

कथलाचे प्रकरण मात्र पूर्ण प्रौढ हाताचे आहे, आणि मराठी वाचकाला ते विशेष जवळचे वाटावे. युद्ध संपले आहे. लेव्ही कारखान्याची नोकरी सोडून एमिलिओ या मित्राबरोबर स्वतंत्र धंदा करतो आहे. प्रयोगशाळा कुठे? एमिलिओच्या आईवडिलांच्या राहत्या घरात. काम काय? कथील हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून स्टॅनस क्लोराइडचे स्फटिक काढायचे आणि आरसे करणाऱ्यांना विकायचे. काचेवर चांदीचा थर चढवण्याआधी ती या क्षाराच्या पाण्याने धुतली की चांदी नीट धरते.

आम्लाचे वर्णन लेव्ही फार प्रेमाने करतो. हा शत्रू लबाड नाही, लांबूनच ओरडत अंगावर येतो, असा त्याचा निर्वाळा आहे. एक श्वास चुकून आत गेला की नाकातून पांढऱ्या धुराचे दोन झोत बाहेर पडतात, आयझेनस्टाइनच्या चित्रपटातल्या घोड्यांसारखे. घरभर त्या वाफा पसरतात आणि लोखंड-पितळेचे जे जे असेल ते कुरतडत जातात. मधेच आतल्या खोलीत धप्प असा आवाज होतो: भिंतीतला खिळा खाल्ला गेला आणि तसबीर खाली आली. एमिलिओ नवा खिळा ठोकून ती परत लावतो. एवढ्या एका तपशिलात सगळे प्रकरण आहे. आम्ल आपले काम करते, माणसे आपले काम करतात, संसार मधे सापडतो, आणि कोणी कोणावर रागावत नाही.

कथलाला लेव्ही मित्र मानतो. तांब्याशी संग करून ते कांसे घडवते. थोड्याशा उष्णतेने, २३२ अंशांना, वितळते. ज्यांनी दारात बसलेला कल्हईवाला पाहिला आहे त्यांना ही मैत्री निराळी समजावून सांगावी लागत नाही. भाता चालवून तापवलेले पातेले, त्यात टाकलेली नवसागराची चिमूट, उठणारा पांढरा धूर, कथलाची कांडी टेकताच सुटणारे पाणी आणि कापसाच्या बोळ्याने क्षणात चंदेरी होणारा तळ. तापलेला नवसागर अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सोडतो. ती वाफ तांब्यावरचा मळ खाऊन टाकते आणि कथलाला स्वच्छ जागा मिळते. तुरीनच्या त्या घरात तसबीर पाडणारी वाफ आणि आपल्या अंगणातली ही वाफ एकच. कल्हई उडाली की पितळेच्या भांड्यात ताक कळकते, हे आपल्या घरांना रसायनशास्त्राच्या तासाआधीच माहीत होते.

एका ठिकाणी लेव्हीशी माझा मतभेद आहे. कथलाचे रडणे आणि कथलाचा रोग या दोन गोष्टी पाठ्यपुस्तके पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली, पण आपल्या माहितीत त्या कोणी ऐकल्या-पाहिल्या नाहीत, असे तो म्हणतो. रोगाचे समजू शकते. पांढरे कथील सुमारे १३ अंशांखाली करड्या, ठिसूळ रूपात जाऊ लागते, पण त्याला दीर्घकाळची थंडी लागते. रडणे मात्र सहज ऐकता येते. शुद्ध कथलाची कांडी कानाजवळ धरून वाकवावी. आतल्या स्फटिकांची रचना झटक्याने बदलते आणि करकर असा आवाज येतो. लेव्हीने तो ऐकला असता तर त्यावर एक सुंदर परिच्छेद लिहिला असता, अशी हुरहूर मला वाटते.

आता या प्रकरणाचा रासायनिक कणा पाहू. स्टॅनस क्लोराइडमध्ये कथलाने दोनच इलेक्ट्रॉन दिलेले असतात. शिसे तिथे स्वस्थ राहिले असते. कथील स्वस्थ राहत नाही. उरलेले दोन देऊन टाकण्याची त्याला घाई असते. म्हणून ते समर्थ क्षपणक आहे, आणि म्हणूनच त्याला हवेपासून जपावे लागते. हे आक्रमक तरी नाजूक द्रव्य जपून सुकवण्याची कसरत लेव्ही तपशिलाने सांगतो. आणि त्या काळात तो स्वतःही असाच दोन अवस्थांच्या मधे होता: नोकरी सुटलेली, धंदा बसलेला नाही, स्वातंत्र्य मिळाले आहे पण पैसा नाही. शेवटी तो धंदा मोडतो. गणात कथील जिथे आहे, वरच्या अधातूंच्या आणि खालच्या जड धातूच्या मधोमध, तिथेच ही कथाही उभी आहे.

सिलिकॉन आणि जर्मेनियम यांना पुस्तकात प्रकरण नाही. सिलिकॉनचे नसणे कार्बनच्या प्रकरणावर प्रकाश टाकते. त्याच्याकडेही चार बंध आहेत. पण कार्बन दोन ऑक्सिजनशी जोडला गेला की वायू होतो, सुटा होतो, वाऱ्यावर निघतो. सिलिकॉन ऑक्सिजनशी जोडला गेला की चारी बाजूंनी जखडून गारगोटी होते, वाळू होते. कार्बनला प्रवास आहे, म्हणून त्याला गोष्ट आहे.

ती गोष्ट चुनखडीत सुरू होते. एक कार्बन अणू तीन ऑक्सिजन आणि एका कॅल्शियमबरोबर कोट्यवधी वर्षे अडकलेला आहे. १८४० साली कुदळीचा घाव बसतो, दगड चुन्याच्या भट्टीत जातो, कॅल्शियम कळीचा चुना होऊन मागे राहते आणि आपला अणू दोन ऑक्सिजन घेऊन धुराड्यातून बाहेर पडतो. ससाण्याच्या फुप्फुसात जाऊन रक्तात न शिरता परत येतो, समुद्रात विरघळतो, सुटतो. आठ वर्षे वाऱ्यावर. मग १८४८ साली द्राक्षवेलीचे एक पान त्याला पकडते.

इथे लेव्ही थांबतो आणि हवेत हा वायू किती थोडा आहे ते सांगतो: ०.०३ टक्के. इटली ही हवा मानली तर जीवन घडवण्यास लायक इटालियन किती? सिसिलीतल्या मिलात्सो गावचे पंधरा हजार रहिवासी, एवढेच. तेव्हाची लोकसंख्या साडेपाच कोटी धरून गणित केले तर उत्तर साडेसोळा हजार येते. उपमा देतानाही त्याचा तराजू हलत नाही. आज ते प्रमाण ०.०४ टक्क्यांच्या पुढे गेले आहे, आणि मिलात्सोची ही उपमा वाचताना आता ते विसरता येत नाही.

पानातून ग्लुकोज, ग्लुकोजमधून द्राक्षारस, तिथून पिणाऱ्याच्या यकृतात आठवड्याहून अधिक मुक्काम. मग रविवारी त्या माणसाला उधळलेल्या घोड्यामागे धावावे लागते. साठा उलगडतो, ग्लुकोज मांडीच्या स्नायूत पोचते आणि तिथे त्याचे दोन तुकडे होऊन लॅक्टिक आम्ल तयार होते. धापा टाकत प्राणवायू नंतर येतो, तेव्हा हे आम्ल जळून पुन्हा कार्बन डायऑक्साइड. सहा कार्बनचे तीन-तीन होणे ही पाठ्यपुस्तकात एक ओळ असते. लेव्हीने तिला घोडा आणि थकवा दिला. याहून चांगले जीवरसायन मी कथेत वाचलेले नाही.

पुढे देवदार, त्याच्या खोडातली अळी, पतंगाचा डोळा असा अणू फिरत राहतो. कार्बनचे अणू एकमेकांचे हात धरून लांबलचक साखळ्या करतात. बालभारतीच्या पुस्तकात याला मालिकाबंधन शक्ती म्हटले आहे. या गणात खाली उतरावे तशी ही शक्ती ओसरत जाते. शिशापाशी ती जवळपास संपते. शिशाची कथा एका माणसाच्या मरणाकडे चालते आणि कार्बनची एका देहातून दुसऱ्यात, यामागे हेच आहे. आपण सांगितलेली गोष्ट खरीच असणार, असे लेव्ही ठामपणे म्हणतो, कारण अणू इतके आहेत की कल्पिलेल्या कोणत्याही प्रवासाशी जुळणारा एखादा सापडेलच. १२ ग्रॅम कार्बनमध्ये सहावर तेवीस शून्ये इतके अणू असतात, हे लक्षात घेतले की या विधानाचा पाया कळतो. अखेर तो अणू दुधाच्या पेल्यातून लेखकाच्या मेंदूत शिरतो आणि त्याच्या हाताकडून कागदावर एक टिंब उमटवून घेतो. जिवाची काही किंमत उरली नव्हती अशा काळात आणि अशा जागी आपण या कथेचे स्वप्न पाहिले होते, हेही लेव्ही याच प्रकरणात नोंदवतो. ते वाचल्यावर हे सगळे रसायन किती निकराने लिहिले गेले आहे हे समजते.

रसायन शिकवणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे. चौदावा गण शिकवाल त्या आठवड्यात ही तीन प्रकरणे वर्गात वाचून दाखवा, आणि पुस्तकातल्या क्रमानेच वाचा: आधी शिसे, मग कथील, शेवटी कार्बन. इंग्रजीत रेमंड रोझेंथाल यांचा १९८४ सालचा अनुवाद आहे. मुलांसाठी तो मराठीत सांगत जाणे तुम्हाला मुळीच अवघड जाणार नाही.