टोपलीखालचा समुद्र

वेळासच्या किनाऱ्यावर सकाळी सातला दोरीच्या अलीकडे पन्नास-साठ माणसं उभी होती. बहुतेक पुण्या-मुंबईची, रात्री गावातल्या घरांत मुक्कामाला आलेली. कुंपणात शिरलेला कार्यकर्ता कासवाच्या एकेका घरट्यावरची टोपली उचलायचा, वाळू निरखायचा आणि टोपली परत ठेवायचा. शेवटच्या टोपलीनंतर त्याने मान हलवली. पिल्लं नव्हती. वर धरलेले मोबाइल खाली आले. माझ्या शेजारच्या मुलीने बाबांना विचारलं, "म्हणजे आज शो नाही?"

तिचं काही चुकलं नव्हतं. समुद्राच्या आतली दुनिया आपल्यापैकी बहुतेकांना पडद्यावरच भेटली, आणि पडद्यावरची टोपली कधी रिकामी निघत नाही. गेल्या सत्तर वर्षांत सिनेमा, ध्वनिमुद्रिका आणि मालिकांनी समुद्र घरात आणून ठेवला. त्याने समुद्राचं किती भलं झालं, हा हिशेब मात्र सरळ नाही.

सुरुवात झाक कुस्तो यांच्यापासून करावी लागते. पाण्याखाली मोकळेपणाने श्वास घेता येईल असं 'अॅक्वालंग' त्यांनी १९४३ मध्ये एमिल गान्यां या अभियंत्याबरोबर तयार केलं. १९५६ मध्ये लुई माल यांच्यासोबत केलेल्या 'द सायलेंट वर्ल्ड'ला कान महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. आज तो चित्रपट बघताना अंगावर काटा येतो. माशांची गणती करायची म्हणून प्रवाळाशेजारी सुरुंग उडवला जातो. जहाजाच्या पंख्याने जखमी झालेल्या देवमाशाच्या पिल्लावर शार्क तुटून पडतात, तेव्हा खलाशी त्या शार्कना गळाने वर ओढून कुऱ्हाडीने तोडतात, आणि निवेदनाला त्यात काही वावगं वाटत नाही. पुढे याच कुस्तोंनी समुद्राची बाजू जगभर मांडली. त्यांच्या कॅमेऱ्याला समुद्राचं सौंदर्य आधी दिसलं, जबाबदारी मागाहून.

'जॉज'ने (१९७५) सौंदर्याच्या जागी भीती आणली. स्पीलबर्गचा यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बिघडायचा, म्हणून बराच वेळ तो दाखवलाच नाही. नुसता पाण्याचा पृष्ठभाग आणि दोन सुरांचं संगीत एवढ्यावर थरार उभा राहिला. कारागिरी म्हणून हे अव्वलच आहे. पण जो प्राणी धड दिसलाच नाही, तोच लोकांच्या मनात राक्षस होऊन बसला. मूळ कादंबरी लिहिणारे पीटर बेंचली नंतर अनेक वर्षं शार्कची वकिली करत राहिले. कादंबरी जेवढी खपली तेवढी ही वकिली खपली नाही.

याच दशकाच्या तोंडावर, १९७० मध्ये, एक अगदी वेगळी चीज बाजारात आली होती : 'साँग्ज ऑफ द हम्पबॅक व्हेल' ही तबकडी. बर्म्युडाजवळ अमेरिकी नौदलासाठी पाण्याखालचे आवाज टिपणाऱ्या फ्रँक वॉटलिंग्टन यांना देवमाशांचे आवाज सापडले होते. ते आवाज ठरावीक क्रमाने पुन्हा पुन्हा येतात, त्यांना रचना आहे, म्हणजे हे गाणं आहे, हे रॉजर पेन आणि स्कॉट मॅक्वे यांनी दाखवून दिलं. ऐकणाऱ्याला अर्थ लागत नव्हता, पण पलीकडे कोणीतरी आहे एवढं नक्की कळत होतं. देवमासे वाचवण्याच्या चळवळीला त्यातून बळ मिळालं, आणि १९८२ मध्ये आंतरराष्ट्रीय देवमासे आयोगाने व्यापारी शिकार थांबवण्याचा ठराव केला. हे एका तबकडीचं श्रेय म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण इथे विज्ञान तोंडी लावायला नव्हतं. जो शोध होता तीच कलाकृती होती. हा योग पुढे फारसा जुळून आलेला नाही.

पुढच्या काळात तंत्र अफाट सुधारलं आणि धीर कमी झाला. 'फाइंडिंग निमो'मध्ये (२००३) निमोची आई सुरुवातीलाच मरते. त्या जातीच्या माशांत मादी गेली की तिचा जोडीदार नरच मादी होतो, म्हणजे निमोच्या बाबांनाच मादी व्हायला हवं होतं! मुलांच्या चित्रपटाला हे माफ. 'ब्लू प्लॅनेट २'चं (२०१७) प्रकरण जास्त विचार करायला लावणारं आहे. प्लास्टिकचा प्रश्न या मालिकेने घरोघर पोचवला असं सगळेच म्हणतात. पण एका अभ्यासात ती पाहिलेल्यांची माहिती वाढलेली दिसली. प्लास्टिकची वस्तू उचलायची की नाही, या निवडीत फरक पडलेला दिसला नाही. हळहळणं आणि पिशवी घेऊन बाजारात जाणं यांत बरंच अंतर असतं.

'सीस्पिरसी' हा माहितीपट (२०२१) हळहळीवर थांबत नाही, तो घाबरवतो. २०४८ पर्यंत समुद्र रिकामे होणार, हा त्यातला गाजलेला दावा २००६ च्या एका शोधनिबंधावरून आलेला आहे. त्या निबंधाचे मुख्य लेखक बोरिस वर्म यांनी आपल्या टीकाकारांबरोबरच बसून २००९ मध्ये नवा अभ्यास केला. मासेमारीवर नीट नियंत्रण ठेवलं तिथे साठे सावरू शकतात, असं त्यात दिसलं. ही बातमी चित्रपटाच्या सोयीची नव्हती. शेवटी त्याचा उपाय काय, तर मासे खाणं सोडा. सातपाटीच्या मासळीच्या धक्क्यावर उभं राहून हा उपाय सांगून बघावा.

मग लोकांना रुचेल आणि कामालाही येईल असं काही घडलंच नाही का? घडलं, आणि आपल्या शेजारीच. गुजरातच्या किनाऱ्यावर व्हेल शार्कची सर्रास शिकार व्हायची. त्याला दमवायला पिंपं बांधायची, म्हणून मच्छीमारांत त्याचं नावच 'बॅरल' पडलेलं. माइक पांडे यांच्या 'शोअर्स ऑफ सायलेन्स' या माहितीपटाने २००० मध्ये ही कत्तल समोर आणली, आणि २००१ मध्ये या माशाला कायद्याचं संरक्षण मिळालं. पण कायदा कागदावर असतो आणि मासा जाळ्यात. २००४ मध्ये सुरू झालेल्या मोहिमेत रामकथाकार मोरारी बापूंनी सांगितलं की ही तर बाळंतपणाला माहेरी आलेली लेक. तिला नाव मिळालं 'व्हाली', म्हणजे लाडकी. गावोगाव पथनाट्यं झाली. फाटलेल्या जाळ्याची भरपाई वनखात्याने द्यायची ठरली. त्यानंतर मच्छीमारांनी आपली जाळी कापून शेकडो व्हेल शार्क सोडले आहेत. नातं आणि भरपाई, दोन्ही जागेवर होती म्हणून हे जमलं. तरी एक खोच राहतेच. त्याच जाळ्यात आलेल्या साध्या मुशीला माहेर कुठलं?

मराठीत समुद्राकडे असं निरखून पाहणारी कलाकृती शोधू लागलं की पहिलं नाव सुचतं ते सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'कासव'चं (२०१६). त्याला राष्ट्रीय पुरस्कारांतलं सुवर्णकमळ मिळालं. नैराश्यात बुडालेला तरुण आणि वाळूतली अंडी यांची सांगड त्यात फार समजून घातली आहे : जपायचं, पण मुठीत धरायचं नाही. तरी त्यात कासव रूपक म्हणून मोठं आहे, प्राणी म्हणून जरा मागेच राहतं. एरवी आपल्या पडद्यावर समुद्र कोळीगीताच्या मागे हलत असतो.

मोबाइलवर मात्र तो रोज भेटतो, तव्यावर. मासळीबाजाराचे आणि पाककृतींचे व्हिडिओ ही आज आपली सर्वांत लोकप्रिय सागरी कला आहे, आणि तिच्यात ज्ञानही भरपूर आहे. कालव्यांचा हंगाम कधी, ताज्या बोंबलाची खूण काय, हे तिथली मावशी एका वाक्यात सांगते. पण गाबोळीने भरलेला मासा दिसला की कॅमेरा आनंदाने जवळ जातो. तळहाताएवढं पापलेटही 'कोवळं' म्हणून मिरवतं. पापलेटला २०२३ मध्ये राज्यमासा का करावं लागलं, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी बंद का असतात, हे त्याच मावशीला विचारायचं कोणाला सुचत नाही. तिला उत्तर ठाऊक असतं.

जवळ्याचं तर विचारूच नका. बोंबील त्याच्यावर जगतो, आपण चटणी करतो. पण त्याला चेहरा नाही, म्हणून त्याच्यावर चित्रपट निघणार नाही. चेहरा नसलेल्यांकडे लक्ष वेधण्याचं काम सध्या पडद्याबाहेर चालू आहे. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या गटाची मंडळी २०१७ पासून ओहोटीला लोकांना खडकांवर नेतात. आपण गटाराचं तोंड म्हणून नाक मुरडलेल्या किनाऱ्यावर खेकडे, समुद्रफुलं, नखाएवढ्या समुद्री गोगलगाई दिसतात. कधी काहीच दिसत नाही. तिथे बघायची सवय लागते, आणि पडद्याने मोडली ती हीच.

वेळासला त्या सकाळी गर्दी चहाच्या दिशेने पांगली. कार्यकर्त्याने खिशातून वही काढली, तारीख घातली आणि घरट्यांच्या क्रमांकांपुढे काहीतरी लिहू लागला. ती मुलगी दोरीवरून वाकून बघत होती.

"काही आलंच नाही, मग काय लिहिताय?"

त्याने वही तिच्याकडे वळवली. एकाखाली एक शून्यं होती. ती मोजायला लागली.